दौलत मास्तरचं जॅझ

दौलत मास्तरले कोणाले उत्तर द्याचं नसलं का तो तोंडात पत्ती धरून बसे. पत्ती म्हणजे बोरूसारखी एक चपटी कामटी, सॅक्सोफोनच्या चोचीले, फुकाच्या टोकाले, बांधाची. वाजवाच्या आधी ती थुंकीनं भिजवा लागते. भिजाले येळ तो किती लागन? पण नवरदेवाचा बाप भांडाले आला का मास्तरची पत्ती भिजतच राहे. समोरचा बोंबलून बोंबलून थके, अन् हा डोळे मिटून पत्ती या गालातून त्या गालात फिरवे, जसा काई पानच खाऊन राह्यला. तो माणूस पाय आपटत गेला का मास्तर पत्ती काढे अन् आमच्याकडं पाहून म्हणे, "काय म्हणत होता तो?"

तुम्ही त्याले पाह्यलं नाई, म्हणून सांगते. उंच, काळा, जरा वाकलेला माणूस. गाल फुकून फुकून असे सैल झालते का रिकाम्या पिशवीवानी लोंबत. अल्लीपुरात त्याचा बँड होता. लाल कोट, पितळी बाजे, अन् पुढं हा. अन् मी त्याच्या वरातीत बत्ती धरो.

माहा नवरा मेला तवा पोरगी कडेवर होती. सासूनं सांगतलं, तुह्यं तू पाहा. मी पाह्यलं. दिवसा कापूस वेचो, अन् लग्नाच्या दिवसात डोक्यावर बत्ती. आधी गॅसबत्ती होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बत्ती. ती सू सू करे, टाळू तापे, किडे कपाळावर पडत. दोनी हात वर धरलेले, म्हणून किडा डोळ्यात गेला तरी पुसता येत नसे. माह्या टाळूवर एका जागी अजून बी केस उगवत नाई. वराती नाचत, आम्ही उभ्या. आम्हाले जेवाले शेवटी, अन् शेवटी म्हणजे भांडे घासणाऱ्या बायांसंग. मी रडगाणं नाई सांगून राह्यली. होतं ते असं होतं.

बाकीचे वाजवणारे आपापल्या बापाकडून शिकले. मास्तर एकटा नागपूरले शिकलता. जवानीत तो तिथं रेल्वेच्या क्लबात टेबल पुसे. तिथं पीटर बाबू म्हणून एक ख्रिस्ती बुढा सॅक्सोफोन वाजवे. मरता मरता पीटर बाबूनं मास्तरले दोन गोष्टी देल्ल्या, एक सॅक्सोफोन अन् दुसरं जॅझचं याड. सॅक्सोफोन तरी कामाचा होता.

"अंजना," मास्तर म्हणे, "जॅझ दर दहा सालानं कातडी टाकते. पण साप तोच राह्यते."

हे त्याचं नेहमीचं बोलणं. पोट्ट्याइले शिकवताना, चहा पिताना, शिव्या खाताना बी. अन् पीटर बाबूची एक गोष्ट तो लय सांगे. पीटर बाबूनं म्हणे एका बैठकीत, खुर्चीवरून न उठता, पहिल्यापासून शेवटपर्यंत सारं जॅझ त्याले वाजवून दाखवलं होतं. दर दहा सालाचं एक एक. "मी बी एकदा तसंच वाजवीन. सारं, क्रमानं. तवाच मेलो तरी चालन." एवढंच त्याले जिंदगीत पायजे होतं. मले त्या काळात पायताण पायजे होतं.

सुरवातीचं जॅझ रस्त्यावरचं होतं म्हणे. "अमेरिकेतले काळे लोक, गुलामीतून सुटलेले. गरीब. आपल्यासारखेच पितळी बाजे घेऊन रस्त्यानं वाजवत चालत. सारे एकदमच वाजवत. लग्न असो का मयत."

"अन् त्यायच्या बत्त्या कोणाच्या डोक्यावर राहत?" मी इचारलं.

मास्तरनं पत्ती तोंडात टाकली.

मंग मोठ्या बँडाचे साल आले. बारा माणसं, सारख्या कोटाची, अन् ऐकणारे नाचून नाचून खुर्च्या मोडत. तसे बारा माणसं आमच्या बँडात होते तवा. पण त्या जॅझमंदी एक खोडी होती. मधातच एक जण पुढं येते अन् एकटा वाजवते, बाकीचे त्याले मागून आधार देते. मास्तर म्हणे, तवा उजेड त्याच्यावर पायजे.

आता आमचा उजेड कसा होता ते ऐका. गॅसबत्ती जाऊन नळीचे लाईट आलते. मागं हातगाडीवर जनरेटर, अन् त्याच्यातून निघालेली एक वायर साऱ्या बायांच्या डोक्यावरून गेलेली. एकीचा पाय मागंपुढं झाला का साऱ्याइले वढ बसे. एका दोरानं बांधलेल्या म्हशीवानी चालो आम्ही.

"मी पुढं आलो का तू माह्याजवळ येजो," मास्तर म्हणे.

"वायर हाय, मास्तर."

"जॅझमंदी वायर नसते."

मालक तो. सांगतलं म्हणून गेली. हिंगणघाटच्या रस्त्यावर मोठ्या घरची वरात होती. मास्तर पुढं निघाला, मान वर करून वाजवाले लागला, मी त्याच्याजवळ सरकली. वायर तटकन निघाली. सारा अंधार. घोडी बिथरली अन् नवरदेव नालीत. बाया बोंबलून राह्यल्या, पोट्टे शिट्ट्या मारून राह्यले, अन् लाईटच्या ठेकेदारानं अंधारात बरोबर मले शोधून माह्या थोबाडीत देल्ली. मास्तर वाजवाचा थांबला नाई. सारं निस्तरल्यावर मले म्हणे, "अंधारात आवाज कसा मोकळा झालता, ऐकला का?"

मी ऐकला होता. माह्या कानातच वाजून राह्यलता.

त्याच्यानंतर एका उन्हाळ्यात मास्तर म्हणे, "आता जॅझ थंड झालं. आता हळू वाजवाचं, कानात सांगतल्यासारखं." समुद्रपूरच्या एका लग्नात त्यानं ते कानात सांगतलं. नवरदेवाचा मामा नाचासाठी रुमाल काढून उभा होता. त्यानं रुमाल खिशात ठेवला अन् इचारलं, "मास्तर, रस्त्यात कोणी मेलं का?"

मंग दोनतीन सालानं आणखी एक आलं. त्याच्यात ज्यानं त्यानं आपापलं वाजवाचं, कोणी कोणाचं ऐकाचं नाई. "याले तिकडं लय मान हाय," मास्तर म्हणे. मी म्हटलं, असन मान. माहा नवरा जिता होता तवा आमच्या घरी रोज असंच वाजे.

मंग शेवटी जलद आलं. इतकं जलद का नाचणाऱ्याचा पाय जमिनीवर पडाच्या आधी दुसरा सूर येऊन जाये. माणसं चारच उरलते. वरातीतले पोट्टे पाय उचलून तसेच उभे, अन् मास्तर घामानं ओला, डोळे मिटून, जसा काई चोर मागं लागला.

चोर नाई, डीजे मागं लागला होता. गाडीवर माणसाएवढे आवाजाचे डब्बे लावून सारं गाव थरथरवणारा. त्या गाडीले आपलेच लाईट होते, हिरवे-निळे. आमच्या डोक्यावरचं ओझं गेलं अन् पोटाले होतं ते बी गेलं. बँड गेला. मास्तरच्या मोठ्या पोराले, विज्याले, त्याचं काई वाटलं नाई. बापाच्या बँडाचे सारे बाजे त्यानं भंगारवाल्याले देल्ले अन् स्वतः डब्बे आणले. बाप घरात बसलेला असताना. त्या दिवशी मास्तर सॅक्सोफोन गोधडीत गुंडाळून माह्या घरी आला, तान्हं पोर आणल्यासारखा.

"हे तुह्याजवळ ठेवजो."

"माह्या घरात पाय पसराले जागा नाई, मास्तर."

"याले पाय नाई," तो म्हणे.

तुरीच्या पोत्यामागं ठेवला. मंग हा रोज येवाले लागला. बाजा काढे, फडक्यानं पुसे, खटक्याइले तेल लावे, अन् मले जॅझ सांगे. शेजारची शकुंतला इचारे, "काऊन वो, बुढा रोज येते तुह्याकडं?" मी म्हटलं, "बाजाले तेल पाजाले येते. तुह्या घरी पाठवू का?" पुन्हा इचारलं नाई तिनं.

वाजवे मात्र नाई. कारण दात गेलते. आधी खालचे हालले, मंग वरचे पडले. सॅक्सोफोनच्या चोचीवर वरचे दात टेकवा लागते, नाई तं सूर धरता येत नाई. निसत्या हिरड्यावर मास्तर फुके तं सायकलच्या चाकातली हवा निघाल्यासारखं फुस्स होये. मी हासो. तो बाजा खाली ठेवे अन् म्हणे, "दात पायजे, अंजना. दात भेटले का एका बैठकीत सारं वाजवतो. पीटर बाबूसारखं."

"सत्तरीच्या वर गेले तुम्ही. बाकीचे बुढे भाकरीसाठी दात करते."

"भाकर कुस्करून खाता येते."

विज्याले त्यानं दवाखान्यात नेऊन दे म्हटलं. विज्या म्हणे, लग्नाचे दिवस हाय, येळ नाई. तवा मीच नेलं. माही पोरगी सावंगीले आयाबाई हाय. तिथं दाताचा मोठा दवाखाना हाय, शिकणारे पोरंपोरी दात करून देते. एस.टी.नं वर्धा, तिथून ऑटो. मास्तरनं त्या दिवशी कोट घातलता, लाल नाई, दुसरा.

आमच्या वाट्याले एक हिंदी बोलणारी पोरगी आली, डॉक्टरीण होऊन राह्यलेली. तिनं इचारलं, "दादाजी, सबसे ज्यादा क्या खाते हो?"

"मले खाचं नाई. मले फुकाचं हाय."

पोरगी माह्याकडं पाहे. मी म्हटलं, "बाजा बजाते है ये. तोंड उघडलं का जॅझवरच बोलते."

बस, तिनं जॅझ शब्द ऐकून डोळे मोठे केले अन् चूक केली. मास्तर सुरू झाला, गुलामापासून. तिनं थोडा येळ ऐकलं अन् मंग गुलाबी चिखल भरलेला साचा त्याच्या तोंडात घातला. "अब बिलकुल नहीं बोलना." माह्या साऱ्या जिंदगीत मास्तरले बोलाचं हाय अन् बोलता येत नाई असं मी तवाच पाह्यलं. हात हालवून हालवून तो बारा माणसाचा बँड दाखवून राह्यलता. मी शांत बसली. लय चांगलं वाटलं.

चकरा झाल्या, दात झाले. दात कसे, पांढरे फेक, नवरदेवाले शोभन असे. घरी येऊन त्यानं बाजा काढला, फुकला, तं वरची कवळी चोचीले चिकटून बाहेर! मी इतकी हासली का पोटात दुखलं. मास्तर नाई हासला. हातात दात धरून बसला. मंग मी बी हासाची थांबली.

पुन्हा सावंगी. त्या डॉक्टरीण पोरगीनं सांगतलं, कवळी चावासाठी राह्यते, फुकासाठी कोणी करून घेत नाई. पण बाजा घेऊन या, खुर्चीवरच वाजवा, मी पाहून पाहून बसवते. म्हणून आम्ही गोधडीत बाजा बांधून गेलो. कंडक्टर म्हणे, "म्हातारे, गोधडीत काय हाय?" मी म्हटलं, "सवत हाय." कोणाची ते त्यानं इचारलं नाई.

त्या पोरगीनं मेहनत केली, खोटं नाई सांगत. मास्तर फुके, ती कवळी काढे, कुठं घासे, कुठं भरे, पुन्हा बसवे. शेवटी म्हणे, "अब बजाओ, दादाजी."

तिथं सुजलेल्या गालाचे माणसं, कापूस धरून बसलेल्या बाया, शिकणारे पोट्टे, सारे गोळा झाले. मास्तर खुर्चीवर ताठ झाला. मले म्हणे, "ऐकजो. सारं वाजवतो. क्रमानं."

पहिले रस्त्याचं. चांगलं निघालं. गालाले फडकं लावलेला एक माणूस पाय हालवाले लागला. मंग बारा माणसाचं सुरू केलं, अन् मधातच सूर तुटला. मास्तरनं दात चाचपले. पुन्हा फुकला, पुन्हा तिथंच तुटला. त्यानं कवळी काढली, उजेडात धरून पाह्यली, पुन्हा बसवली. छाती भात्यासारखी वरखाली होऊन राह्यलती.

"दाँत तो हिले भी नहीं, दादाजी," पोरगी हळूच म्हणे.

दात हालले नोते. ते मी बी पाह्यलं, त्यानं बी पाह्यलं. दात पक्के होते. फूकच उरली नोती. माह्या घरचा एक उंबरठा चढताना हा कसा धापा टाके ते मी वर्षापासून ऐकत होती. बोलली नाई. बोलून फूक येते का?

त्यानं बाजा पुन्हा उचलला. "आता थंडवालं हाय," म्हणे, अन् एक सूर वाजवला. थांबला. आणखी एक वाजवला. लय येळ थांबला. शूटिंग घेणाऱ्या पोट्ट्यायनं मोबाईल खाली केले. एक जण म्हणे, "कोई फिल्मी गाना बजाओ ना, बाबा." पोरगी त्याच्यावर डोळे वटारून मास्तरले बोलतं कराले गेली बिचारी. तिनं मोबाईलमंदी पाहून सांगतलं, "दादाजी, इसमें तो लिखा है तेज़ वाला पहले आया, ठंडा उसके बाद. आपने उल्टा बताया था."

मास्तरनं बाजाची पत्ती काढली अन् तोंडात टाकली.

येताना एस.टी.त तो खिडकीकडं तोंड करून बसला. मी विचार करून राह्यली. मले लिहिता-वाचता येत नाई, पण कोणत्या साली कोणतं दुःख आलं ते मले पाठ हाय. मी त्याच्या कानाजवळ बोलली.

"मास्तर, तुतारीवाला शामराव कोळशाच्या खाणीत नोकरीले गेला, त्याच साली तुमचं जॅझ थंड झालं. मंग बँडातले तिघं दारू प्याले लागले, तवा ज्यानं त्यानं आपापलं वाजवाचं आलं. डीजे आला अन् आपल्याले देवळापासून चौकापर्यंतच वाजवू देत, तवा जलद झालं. हे अमेरिकेतलं नोतं. हे तुमच्या घरचं होतं."

वर्धा मागं पडलं, वावरं लागले. मंग त्यानं पत्ती काढली.

"मंग काय सांगाचं होतं त्या पोट्ट्याइले? का आपला बँड मरून राह्यला? एक माणूस गेला का मी म्हणो, नवं आलं. म्हणून उरलेले दुसऱ्या दिवशी कोट घालून येत."

"अन् मी?"

"तू बी आली ना."

"मी जॅझसाठी नाई आली. पोरगीच्या पोटासाठी आली."

"माहीत हाय मले," मास्तर म्हणे.

इतले साल खोटं बोलला माणूस, अन् ते बी सात समुद्रापलीकडचं. मले लय राग आला. अन् राग आला तरी उतरताना त्याचा हात मीच धरला, कारण पायरी उंच होती.

त्याच्यानंतर बी तो रोज आला. दात बसवे, बाजा मांडीवर घे, चोच ओठात धरे अन् निसते बोटं चालवे. फूक नाई. खटके तेवढे टक् टक् वाजत. मी तांदूळ निवडत बसो. बोटावरून मले समजे, आता रस्त्याचं सुरू हाय, आता बारा माणसाचं, आता हळू. किती येळ चाले ते. कधी कधी पुरं बी होत असन. मी इचारलं नाई.

एक दिवस मात्र इचारलं, टोमणा म्हणून. "हे कोणत्या सालाचं जॅझ म्हणाचं, मास्तर?"

त्यानं चोच ओठातून काढली. याच्याजवळ साऱ्याइले नाव होतं. म्हणे, "याले अजून नाव नाई पडलं."

थंडीत गेला. रात्री चार माणसाइसंग बोलून झोपला अन् उठला नाई. विज्यानं मयतीले डब्बे नाई लावले, तेवढी अक्कल दाखवली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो माह्या दारात आला.

"मावशी, बापाचा बाजा तुह्याजवळ हाय म्हणते."

"हाय."

"दे मंग. निसता पडून राह्यला."

"तुले वाजवता येते का?"

"मले कायले वाजवा लागते? तुले येते का?"

"नाई."

"मंग?"

"मंग काई नाई. दोघाइले बी येत नाई. पण मी ऐकला हाय. जाय आता, माही भाकर तव्यावर हाय."